पाठीवरचा हात

फ्लिंट, मिशिगन
३ जून १९९८

व्हर्ना,

घाबरू नकोस, मेलेलो नाही. पाच वर्षांनी भावाचं पत्र आलं की माणूस आधी तेच समजतो. पण विषय जवळपासचाच आहे. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. लहानपणी तो सांधे धरणारा ताप आला होता ना, त्याचीच ही शेपटी, असं डॉक्टर म्हणतात. २१ जुलैला छाती उघडून झडप बदलणार आहेत. नंतर दोन महिने साधी खुर्चीसुद्धा उचलायची नाही. आणि माझा धंदा काय, तर जुन्या खुर्च्या-सोफे सोलून पुन्हा शिवायचे!

ऑड्राला तेवढे दिवस ठेवून घेशील का? अकरा वर्षांची आहे. तिची आई अलास्कात असते, वाढदिवसाला कार्ड पाठवते आणि दरवेळी वय एखाद्या वर्षाने चुकवते. इथे दुसरं कुणी नाही.

आता हस. सैतानाला मानणारा माणूस आपली मुलगी तुझ्या नवऱ्याच्या, बाप्टिस्ट चर्चच्या डीकनच्या, घरी धाडतोय, आणि वर अटी घालतोय. तिला चर्चला जावंसं वाटलं तर जाऊ दे, नाही वाटलं तर ओढू नकोस. आणि बाप्तिस्मा नाही. तुमच्या वहीत तिचं नाव नाही घालायचं. आमच्याही वहीत ते नाही. अठरा पुरी झाल्याशिवाय आमच्या मंडळात कुणाला आत घेत नाहीत, तान्ह्या पोरांना आम्ही कुणाच्या पायावर घालत नाही. ती मोठी होईल, वाचेल, मग तुमच्या देवाकडे जाईल, आमच्याकडे येईल, नाहीतर दोघांनाही लांबून नमस्कार करील. तिचं ती ठरवील. (आम्ही कुणी शिंगंवाला खरंच कुठे बसलाय असं मानत नाही, हे तुला दहादा सांगून झालंय. जो गुडघे टेकायला नकार देतो त्याचं ते नाव.)

वचन दे. लेखी.

ऑरिन


हार्लो क्रीक, केंटकी
८ जून

ऑरी,

पाठव पोरीला. हे विचारायला पत्र लागतं होय रे? आणि आधी सांग, तुझी ती झडप बदलणार म्हणजे डुकराची बसवतात की लोखंडाची? आमचा डेलबर्ट म्हणतो डुकराची बसवतात. म्हणाला, "शोभेल त्याला." लगेच जीभ चावली त्याने, पण बोलून गेला ते गेला.

वाईट तर वाटलंच. भाचीला आत्याकडे पाठवायला अटी! जणू मी दारामागे बादली भरून उभीच आहे. इथे मी सगळ्यांना सांगितलंय की तू मिशिगनला जाऊन पंथ बदललास, मेथॉडिस्ट झालास. तेवढ्यावरच बायका च्यक् च्यक् करतात. खरं सांगितलं तर माझ्या हातचा मक्याचा पावसुद्धा कुणी खायचं नाही.

आणि एक ऐकून ठेव. आम्हीही तान्ह्या बाळांना पाणी लावत नाही. आमच्याकडे माणसाने स्वतःच्या पायांनी चालत पुढे यायचं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं. म्हणजे एवढ्या एका बाबतीत तुझा तो आणि माझा देव एकाच बाकावर बसतात. हे वाक्य डेलबर्टला वाचून दाखवलं नाही. तुझ्या वेळी जे झालं ते झालं.

लेखी हवं ना? घे. मी व्हर्ना, तुझी सख्खी मोठी बहीण, ऑड्राला पाण्यात घालणार नाही आणि कुणाला घालू देणार नाही. झालं समाधान?

व्हर्ना


फ्लिंट
१४ जून

व्हर्ना,

झालं. डुकराचीच बसवणार आहेत. डेलबर्टला सांग, नेम बरोबर लागला.

ऑड्रा २७ तारखेच्या बसने येईल. दूध पीत नाही, मशरूम दिसले तर जेवण सोडते, आणि कुणी बोलत असलं की चित्र काढत बसते. ऐकत नाहीये असं वाटतं. ती सगळं ऐकत असते.

"तुझ्या वेळी जे झालं" म्हणालीस. काय झालं गं? मला एवढंच आठवतं की मी आठ वर्षांचा होतो. आई सहा आठवडे अंथरुणाला खिळलेली. पाळक "या, पुढे या" म्हणत होते आणि ते शेवटचं गाणं संपतच नव्हतं. माझ्या पाठीवर एक हात आला आणि मी चालायला लागलो. डॅडींचा असावा. पुढच्या रविवारी मला पाण्यात घातलं आणि त्यानंतर चार दिवसांत आई गेली. तू माझ्या शेजारीच बसली होतीस. तुला आठवतो का तो हात?

ऑरिन


हार्लो क्रीक
५ जुलै

ऑरी,

तुझी लेक पोचली, रुळली, आणि माझ्या स्वयंपाकघराची मालकीण झाली. दूध पीत नाही म्हणालास ना? आमच्या गाईचं दोन पेले पिते. शेंगा सोलायला बसली की बोटं भराभर चालतात, शिवणाऱ्याची पोर शोभते. डेलबर्टचं तर तिच्यावाचून पान हलत नाही. काल चार जुलैच्या फटाक्यांना तिला खांद्यावर घेऊन उभा होता. अकरा वर्षांच्या घोडीला! आता पाठ धरून बसलाय.

चर्चला पहिल्या रविवारी ती आपणहून आली. देवाशप्पथ. मी म्हटलं, "घरी थांबलीस तरी चालेल." तर म्हणते, "इथे दार उघडं असतं का?" मी म्हटलं, "म्हणजे?" मग सांगितलं तिने. दर रविवारी दुपारी तुझी माणसं येतात, तळघरात जातात, घंटा वाजते आणि तू दार लावून घेतोस. ती बाहेर जिन्याच्या पायरीवर रंगाच्या कांड्या घेऊन बसते. किती वर्षं बसतेय रे ती त्या पायरीवर? "बाबा म्हणतो अजून सात वर्षं," असं म्हणाली. तुरुंगात सांगतात तसं.

मुलांची सुट्टीतली बायबल शाळा तेरा तारखेपासून आहे. गाणी, लाल सरबत, आइस्क्रीमच्या काड्यांची घरं. तिला जायचंय. तुझी परवानगी हवी म्हणून विचारते.

तो हात वगैरे जुनं झालं. आता ऑपरेशनचं बघ.

व्हर्ना


फ्लिंट
१० जुलै

व्हर्ना,

जाऊ दे तिला. काड्यांच्या घरांना मी घाबरत नाही.

दाराचं मात्र तुला कळलेलं नाही. ते दार तिच्यासाठीच लावतो मी. आत काळं कापड असतं, मेणबत्त्या असतात, मोठी माणसं आपापला राग मोठ्याने बोलून मोकळी होतात. ते बघून एखाद्या पोराला वाटेल, बाबा करतो म्हणजे आपणही करायचं. आपल्या घरात नेमकं तेच झालं. आपल्याला कधी कुणी विचारलं? जिथे डॅडी बसले तिथे आपण बसलो. मी ठरवलं, माझ्या पोरीला कुणी ढकलणार नाही. मीसुद्धा नाही. दार बंद म्हणजे ती मोकळी.

मंडळात एक मिस ओडेगार्ड आहेत, निवृत्त ग्रंथपाल, आमच्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. त्या दवाखान्यात माझ्यापाशी थांबतील आणि तुला फोन करतील. डेलबर्टने उचलला तर त्या मेथॉडिस्ट आहेत.

भीती वाटते गं. एवढंच.

ऑरिन


हार्लो क्रीक
२० जुलै

ऑरी,

हे तुझ्या हातात पडेल तेव्हा सगळं पार पडलेलं असेल. इथे सगळं ठीक आहे. ऑड्रा मजेत. ब्लॅकबेरी इतक्या आल्यात की आमची सगळ्यांची बोटं जांभळी झालीत. बायबल शाळा शुक्रवारी संपली. गाणं छान म्हटलं तिने.

ती तुला चित्र पाठवतेय, तिनेच पाकिटात घालून चिकटवलंय. मला बघूही दिलं नाही.

काळजी करू नकोस. काही काळजीसारखं नाही.

व्हर्ना


दवाखाना, फ्लिंट
२४ जुलै, शुक्रवार

व्हर्ना,

अक्षर वाकडं येतंय, छातीला टाके आहेत. मिस ओडेगार्डनी तुझं पाकीट आणून दिलं.

चित्र छान आहे. तुमची गाय, डेलबर्टची टोपी, आणि एका कोपऱ्यात मी, छातीत एक छोटं गुलाबी डुक्कर. हसलो तर टाके दुखले. मग कागद उलटा केला. तिने चित्र तुमच्या चर्चच्या १९ तारखेच्या रविवारच्या पत्रकामागे काढलंय. पुढच्या बाजूला छापलंय: पुढच्या रविवारी, २६ जुलैला बाप्तिस्मा घेणारे. चार नावं. तिसरं नाव माझ्या मुलीचं.

"काही काळजीसारखं नाही." वा! नाकाने कांदे सोलावेत तर तुझ्यासारख्यांनी. लेखी वचन देणारी सख्खी बहीण! इकडे माझी छाती कापत होते आणि तिकडे तू तिला बाप्तिस्म्याच्या हौदाकडे नेत होतीस. माझ्या संमतीविना पाळक तयार कसे झाले? काय सांगितलंस त्यांना?

फोन केला होता. डेलबर्टने उचलला. मी ठेवला.

जित्याची खोड. दुसरं काय म्हणू?

ऑरिन


हार्लो क्रीक
२९ जुलै

ऑरी,

तुझं पत्र काल आलं. कोठारामागे जाऊन वाचलं. शिव्या कमीच दिल्यास. आता मी सांगते ते शेवटपर्यंत वाच, मग फाड.

तुझ्या ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात आम्ही शेंगा सोलत बसलो होतो. तिने विचारलं, "आत्या, बाबा मरेल?" मी म्हटलं, "आपण प्रार्थना करू." म्हणाली, "माझी चालेल का? मी कुणाचीच नाहीये. बाबाच्या मंडळात नाही, तुमच्यात नाही." आणि ऑरी, माझ्या तोंडून निघून गेलं, "देव सगळ्यांचंच ऐकतो गं, पण आपल्या माणसांचं आधी." निघून गेलं म्हणते, पण ते खोटं आहे. बोलताना मला कळत होतं मी काय बोलतेय. ती शेंगा सोलत राहिली.

बायबल शाळेच्या शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, पाळकांनी हाक दिली आणि ती उठून पुढे गेली. मी रडले. आनंदाने रडले, तेही लिहून ठेवते. तुझं घर जळत होतं आणि मी शेकत होते. पाळकांनी विचारलं, वडिलांचं काय? मी सांगितलं, वडिलांची हरकत नाही. देवाच्या घरात उभी राहून खोटं बोलले, आणि वर वाटत होतं की पुण्य करतेय.

तू वाचलास हे सांगायला मिस ओडेगार्डचा फोन आला. पण डॉक्टरांनी सांगितलंय, पहिले दहा दिवस जपायचे, असंही म्हणाल्या. ऑड्रा शेजारीच उभी राहून ऐकत होती.

रविवारी हौदामागच्या खोलीत मुलींना झगे घालायचं काम माझंच असतं. बावीस वर्षं मीच करतेय. पांढरा झगा पाण्यात वर तरंगू नये म्हणून त्याच्या खालच्या काठात शिशाचे बारके तुकडे शिवलेले असतात. तेही मीच शिवते. ऑड्राचा काठ नीट करायला मी गुडघ्यांवर बसले, तर तिने माझा खांदा घट्ट धरला. मी म्हटलं, "पाणी कोमट आहे गं." ती म्हणाली, "मला माहितीय." मग विचारायला नको ते विचारलं. "तुला का घ्यायचाय बाप्तिस्मा?" इतक्या वर्षांत मी एकाही मुलीला हे विचारलं नव्हतं.

ती म्हणाली, "पाण्यात गेले की मी देवाची होते ना? मग बाबाचं आधी ऐकेल. दहातले पाच दिवस गेले आत्या, म्हणून आजच जायला हवं."

ऑरी, माझ्या हातातून तो काठ सुटला.

कारण हे मी आधी ऐकलंय. ऐकलं नाही, बोललेय. तो हात डॅडींचा नव्हता. डॅडी त्या दिवशी दाराशी दानपेट्यांजवळ उभे होते. तो हात माझा होता. मी पंधरा वर्षांची होते, आई निजलेली, घर माझ्या डोक्यावर, डॅडी बोलत नव्हते. कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. मी तुझ्या कानात म्हटलं, "तू पुढे गेलास तर आई उठून बसेल." आणि ढकललं. तू गेलास. आई अकरा दिवसांनी गेली. तू आठ वर्षांचा, शवपेटीपाशी माझ्याकडे बघत होतास आणि मी तुझ्याकडे बघितलंच नाही. त्यानंतर बत्तीस वर्षं मी तुला तिरपंच बघत आलेय. तू सैतानाचा झालास तेव्हा सगळ्यांसमोर मी रडले, पण आतून मला पक्कं ठाऊक होतं याला तिकडे कुणी ढकललं ते.

मी ऑड्राच्या झग्याची बटणं काढली. ती हात धरत होती, "नको, नको" म्हणत होती. तिचा फ्रॉक घातला, आणि तिला घेऊन तशीच बाहेर आले, सगळी मंडळी बसलेली. पाळक पाण्यात कमरेपर्यंत उभे. मी म्हटलं, "ही येणार नाही. हिच्या वडिलांनी नाही म्हटलं होतं. मी तुमच्याशी खोटं बोलले. आणि तो मेथॉडिस्टही नाही." हे शेवटचं कशाला बोलले देव जाणे!

डेलबर्ट माझ्याशी बोलत नाही. ऑड्राशी बोलतो. झग्यांच्या कपाटाची किल्ली चर्चवाल्यांनी सोमवारी परत मागून नेली. बरंच झालं.

माफी मागत नाही. कुठल्या तोंडाने मागू? ऑड्राला ९ तारखेच्या बसमध्ये बसवते.

व्हर्ना


फ्लिंट
१६ ऑगस्ट

व्हर्ना आत्या,

बाबा म्हणाला तुला पत्र लिही. मी तो म्हणाला म्हणून लिहीत नाहीये. मला राग आलाय म्हणून लिहितेय.

तू मला का विचारलंस? माझ्याबरोबरच्या ट्रॅव्हिसला कुणी विचारलं नाही. तो पुढे गेला कारण त्याच्या भावाने सांगितलं की हौदात पोहता येतं. त्या जुळ्या बहिणी, एक गेली म्हणून दुसरी गेली. त्यांना घातलं पाण्यात. मला एकटीला कारण होतं, आणि मलाच फ्रॉक घातला सगळ्यांसमोर. आणि बटण तुटलं.

तू म्हणालीस माझं कारण बरोबर नव्हतं. कारण चुकीचं असलं तर हवं असणंपण खोटं असतं का? मला खरंच हवं होतं. गाणं चालू होतं तेव्हा सगळे माझ्याकडे बघून हसत होते, आणि कुणीही दार लावत नव्हतं.

बाबा बरा आहे. जिना चढला की बसतो. तो म्हणतो तू बरोबर केलंस. त्याने तुला बरोबर म्हटलं म्हणून मला आणखी राग आला. त्याने पण मला विचारलं नाही मला काय वाटतं.

गाईला सांग मी इथलं दूध पीत नाही.

ऑड्रा


फ्लिंट
१३ सप्टेंबर, रविवार

व्हर्ना,

दीड महिना तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. प्रकृतीचं निमित्त होतं. खरं कारण असं की उत्तर माझ्याकडे पहिल्यापासून होतं.

मला माहीत होतं तो हात कुणाचा ते.

डॅडी हातमोजे घालत नसत. माझ्या पाठीवर जो हात होता त्यावर आईचा पांढरा सुती मोजा होता. त्या उन्हाळ्यात तो तू घालायला लागली होतीस, घरची बाईमाणूस म्हणून. अंगठ्यापाशी उसवलेला. मला तो पाठीवर कळला होता, आणि कानातलं वाक्यही शब्दन् शब्द कळलं होतं. आई गेली तेव्हा मला वाटलं माझंच मन खोटं होतं म्हणून गेली. हे कुणाला कधी सांगितलं नाही. तुला तर नाहीच.

जूनमध्ये तुला विचारलं, "तो हात आठवतो का?" ते आठवत नव्हतं म्हणून नाही. तू कबूल करतेस का ते बघत होतो.

आता याहून वाईट. "इथे दुसरं कुणी नाही" असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. मिस ओडेगार्ड ऑड्राला ठेवून घ्यायला तयार होत्या. खोलीला पडदेसुद्धा लावले होते त्यांनी. मीच नको म्हटलं. मला तुझ्याकडेच पाठवायची होती. आजारी बाप, घाबरलेली पोर, आणि तू. तू पुन्हा तेच करतेस का, हे मला बघायचं होतं. वचन लेखी मागितलं ते मोडल्यावर हातात कागद असावा म्हणून. आणि ते पत्रक बघितलं ना व्हर्ना, तेव्हा राग यायच्या आधी मला बरं वाटलं. टाके ओले असताना बरं वाटलं. म्हटलं, सापडली!

फोन पुन्हा करता आला असता. डेलबर्टला सांगता आलं असतं, थांबवा म्हणून. मी शुक्रवारी पत्र टाकलं. शुक्रवारचं पत्र केंटकीत रविवारच्या आधी पोचत नाही, हे मला माहीत होतं. म्हणजे माझ्या मुलीला पाण्यात जाऊ द्यायला मी तयार होतो, तू गुन्हेगार ठरावीस म्हणून. थांबवलंस ते तू. माझं पत्र मिळायच्या दोन दिवस आधी, कुणी न सांगता.

तुला माफ करायला मला बत्तीस वर्षं होती. त्याऐवजी मी तुझ्याकडे मुलगी पाठवली. मुलांना कुणी ढकलू नये म्हणून तळघराला दार लावणारा माणूस मी! चांगला सज्जड हात होता माझा तिच्या पाठीवर, मिशिगनपासून केंटकीपर्यंत.

हे सगळं गेल्या आठवड्यात ऑड्राला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, चित्र काढत. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही दोघं भांडत होता आणि मी चेंडू होते." मी म्हटलं, हो. तिने तो कागद फाडून टाकला. काय काढत होती ते दाखवलं नाही.

आज मंडळाची बैठक होती. माझी आजारानंतरची पहिली. माणसं खाली गेली, घंटा वाजली. ऑड्रा नेहमीच्या पायरीवर रंगाच्या कांड्या घेऊन बसली होती. आत जाऊन दार लावून घ्यायला माझा हातच जाईना. मी बाहेरून दार ओढून घेतलं आणि तिच्या शेजारी येऊन बसलो. मला वाटलं, मी केवढं काहीतरी करतोय. इतक्या वर्षांनी कळलं बाबाला, असं तिला वाटेल, अशी माझी कल्पना.

ती म्हणाली, "तू आत जा."

मी म्हटलं, "मला तुझ्यापाशी बसायचंय."

म्हणाली, "मला विचारलंस?"

मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. रागावलेली नव्हती. म्हणाली, "बाबा, तू शेजारी बसलास ना, की मला कळतच नाही मला काय हवंय ते. आत्या बसली तरी कळत नाही. मला थोडा वेळ इथे एकटीला बसू दे. ही पायरी आता माझी आहे. मी घेतलीय."

मी उठलो. कठड्याला धरून उठावं लागतं अजून. उठताना सवयीने तिच्या पाठीवर हात ठेवणार होतो. तो खिशात घातला आणि वर स्वयंपाकघरात येऊन हे लिहायला बसलो.

तुझा
ऑरी